सहा कोरडे तुकडे

१

दुसरा अहवाल आला तेव्हा खदीजा पारकरने तो उभ्याउभ्याच वाचला. मग कपाटातून पहिला काढला, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि खुर्ची ओढून बसली.

घर तेच होतं. नेरूळची जलतरंग सोसायटी, अठरा नंबरचं रो-हाउस, मागच्या स्वयंपाकघरावरचं छप्पर. पहिला अहवाल डिसेंबरातला: सहा घरांतले सहा नमुने तपासले, एकातही ॲस्बेस्टॉस नाही. दुसरा आजचा, एप्रिलमधला: ॲस्बेस्टॉस आहे, साधारण दहा टक्के. चार महिन्यांत पत्र्यात ॲस्बेस्टॉस उगवत नाही. म्हणजे दोनांतला एक खोटा होता, आणि जो खोटा होता त्याला जोडलेल्या शिफारशीखाली तिची सही होती.

लोक ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात, त्या जुन्या पत्र्यात हे तंतू असतात. पत्रा शाबूत असेपर्यंत तो बहुधा कुणाचं काही बिघडवत नाही. फोडला की तंतू सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि छातीत खोल गेले की बाहेर येत नाहीत. त्रास सुरू होतो वीस-तीस वर्षांनी. खदीजाचे वडील अशा पत्र्यांच्या कारखान्यात होते. रिटायर होऊन अकरा वर्षं झाल्यावर ते एका पायरीवर बसले आणि त्यांना दुसरी चढता आली नाही. तेव्हा ती तिशीत होती. तेव्हापासून जुनी घरं तपासणं आणि धूळ न उडवता ते पत्रे कसे उतरवायचे हे सांगणं, एवढंच काम तिने केलं होतं.

अठरा नंबरच्या मनस्वीने तिला आठवड्यापूर्वी फोटो पाठवला होता. मनस्वीने जुन्या छपराचे दोन-तीन तुकडे बागेच्या वाफ्याला कडा म्हणून लावले होते. एक दुभंगला. तुटलेल्या कडेला पांढुरके, मऊ केस सुटले होते. "मॅडम, हे केस कसले?" एवढंच तिने लिहिलं होतं.

केस कसले हे खदीजाला फोटोतच कळलं. तरी तिने स्वतः जाऊन तुकडा ओला करून आणला आणि लॅबला दिला, कारण डोळ्यांनी फक्त संशय घेता येतो.

डिसेंबरच्या अहवालावर विसंबून सोसायटीने मार्चमध्ये छपरं उतरवली होती. उतरवली म्हणजे फोडली. तोंडाला फडकी बांधलेल्या मजुरांनी चार दिवस हातोडे चालवले होते. चोवीस घरं, घराघरात माणसं, आणि वरून पिठासारखी पडणारी धूळ.

तिने दोन्ही कागद उलटे करून ठेवले. चूक झाली असेल तर ती कुठे झाली हे शोधायचं होतं. चूक नसेल, तर ते कुणी केलं हे.

२

लॅब नमुन्यांचे उरलेले तुकडे वर्षभर सांभाळते. महापेच्या त्या लॅबमध्ये सुपरवायझर नदीमने सहा पिशव्या काढून काचेखाली मांडल्या. लेबलावरचं अक्षर खदीजाचंच होतं. पिशव्या तिच्या. तुकडे मात्र तिने याआधी कधी पाहिले नव्हते.

तिला ती सहा छपरं चांगली आठवत होती. अकरा नंबरच्या पत्र्याला आतून हिरवा ऑइलपेंट होता. तीन नंबरच्या पत्र्यावर फोडणीचा चाळीस वर्षांचा चिकटा. सगळ्यांच्या वरच्या अंगाला काळं शेवाळ. समोरचे सहाही तुकडे दोन्ही बाजूंनी स्वच्छ राखाडी होते.

तिने हातमोजे घातले, काचेची पेटी उघडायला लावली आणि तुकडे एकमेकांजवळ सरकवले. पहिल्याची तुटकी कड तिसऱ्यात बसली, तिसऱ्याची पाचव्यात. पाच मिनिटांत सहा तुकड्यांचा मिळून हाताएवढा एक कोपरा तयार झाला. मध्ये फट म्हणून राहिली नाही.

"एकाच पत्र्याचे आहेत," नदीम म्हणाला. "सहा घरांचे कसे असतील?"

"नाहीतच."

"आम्ही आलं ते तपासलं, मॅडम."

"तुमची चूक नाही," ती म्हणाली.

तो डिसेंबरातला शुक्रवार तिला क्षणाक्षणाने आठवत होता. सहा घरं, सहा वेळा शिडी. प्रत्येक ठिकाणी साबणाचं पाणी फवारायचं, कडेचा दोन बोटांएवढा तुकडा पकडीने काढायचा, ओलाच पिशवीत घालायचा, त्यावर दुसरी पिशवी, तुटलेल्या जागेवर रंगाचा हात. सेक्रेटरी जयदेव भोईर सगळीकडे मागे होते. ठेकेदार पंढरीने स्प्रेची बाटली धरली होती. शेवटचा नमुना पेटीत ठेवला आणि फोन आला: धाकटी बहीण सुमय्या जिन्यावरून पडली, वाशीच्या हॉस्पिटलात नेलंय.

पेटीला चिकटपट्टी लावायची आणि पट्टीवर आडवी सही करायची, हा तिचाच नियम. त्या दिवशी पट्टी लावली. सही करायची राहिली. पेटी सोसायटीच्या ऑफिसात ठेवली, कुलूप लावायला सांगितलं आणि ती रिक्षात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी तिथून उचलली इद्रीसने.

इद्रीस तिच्याबरोबर अकरा वर्षं होता. सोसायटीतून तो दहाला निघाला होता, आणि नदीमच्या नोंदीप्रमाणे लॅबला पोहोचला एक वाजता. नेरूळहून महापेला शनिवारी सकाळी पाऊण तास लागतो.

३

इद्रीस गाडीत मास्कची खोकी रचत होता. खदीजाने त्याला वर बोलावलं आणि समोर बसवलं. तो सहसा तिच्यासमोर बसत नसे.

"डिसेंबरात जलतरंगची पेटी तू नेलीस. सकाळी दहा ते एक कुठे होतास?"

"रस्त्यात."

"तीन तास?"

"एका ठिकाणी थांबलो होतो."

"कुठे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, अकरा वर्षांत एकदाही आवाज न चढवलेला. "का विचारताय, आपा?"

तिने सांगितलं. सहा तुकडे, एक कोपरा, रिकामे दोन तास. सांगताना आपला आवाज सरकारी होत चाललाय हे तिचं तिलाच ऐकू येत होतं, पण थांबता आलं नाही. "पेटी तुझ्या ताब्यात होती. पंढरीने तुला काही सांगितलं असेल, तर आत्ता बोल."

इद्रीसने खिशातून गाडीची किल्ली काढली, ऑफिसची काढली, दोन्ही तिच्यासमोर ठेवल्या.

"मी कुठे थांबलो होतो ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. "ते सांगून सुटका करून घेतली, तर मला माझीच लाज वाटेल. तुम्हांला विचारावंसं वाटलं, तिथेच संपलं."

तो जिना उतरून गेला. खाली गाडीचा मागचा दरवाजा उघडाच होता. खोकी अर्धी आत, अर्धी बाहेर.

४

पंढरीच्या टेम्पोत नव्या घराच्या चौकटी भरल्या होत्या. खदीजाला पाहून तो आधी हसला, मग अहवाल वाचून त्याचं हसू गेलं.

"माझ्यावर येणार हे, माहितीये," तो म्हणाला. "क्लीन रिपोर्ट आला म्हणूनच काम मला मिळालं. नाहीतर तुम्ही ती पांढऱ्या सूटवाली पार्टी आणली असती. पण मॅडम, मला असं करायचं असतं तर मी सुके तुकडे घातले असते का? तुमची पाण्याची बाटली मीच धरून होतो ना."

"सुके होते हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच म्हणालात आत्ता, लॅबमध्ये सगळे स्वच्छ, राखाडी. ओला सिमेंट काळा दिसतो. सुकला की राखाडी." त्याने खांदे उडवले. "धंदा आहे आपला."

चार महिन्यांत कुठलाही तुकडा वाळेल. त्यात काही अर्थ नव्हता. पण शब्द तिच्या डोक्यात राहिला.

"जलतरंगमध्ये नवीन पत्रा कुठे कुठे आहे?" तिने विचारलं. "ॲस्बेस्टॉस नसलेला."

"पार्किंगच्या शेडला. दोन वर्षं झाली, मीच टाकला. भोईरसाहेबांनी खास मागवला होता."

"शेडचे सगळे पत्रे मी सकाळी पाहिले. कुठेही कोपरा तुटलेला नाही."

"एक उरला होता. तो सात नंबरच्या मालती टीचरनी मागून घेतला. खिडकीवर सावली करायची म्हणून. त्यांचे मिस्टर झोपून असतात ना, दुपारचं ऊन तोंडावर येतं." तो थोडा थांबला. "त्यांनी काय केलं असणार, मॅडम? देवमाणूस आहेत त्या."

जयदेव भोईर तिला दिवाळे गावात भेटले. रो-हाउस नेरूळला असलं तरी त्यांचं मूळ घर खाडीकाठच्या याच कोळीवाड्यात. भावाच्या होडीला रंग चालला होता आणि जयदेव सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी खुर्ची टाकून बसले होते. आई जमुनाबाई माशांवरचे कावळे हाकत होत्या.

"मॅडम, टेन्शन वाढवू नका," अहवाल न वाचताच ते म्हणाले. "पत्रे गेले, घरं नवीन झाली. आता बिल्डरशी रिडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे. हे बाहेर आलं तर तो पळून जाईल."

"पेटीतले तुकडे बदलले गेले, त्या रात्री तुम्ही कुठे होतात?"

"इकडेच. मामेभावाची हळद होती. अर्धं दिवाळे साक्षीला आहे."

"ऑफिसची किल्ली?"

"एक माझ्याकडे, या खिशात. दुसरी मालती टीचरकडे. संध्याकाळी ऑफिसात पोरांची लायब्ररी चालवतात त्या."

जमुनाबाई इतका वेळ पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या. "तो पत्रा फोडला, त्याची धूल वाईट हाय का गो बाय?"

"हो. वाईट आहे."

जमुनाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "तुजी पोरा तवा घरातच व्हती ना?"

जयदेवनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, एवढंच.

५

संध्याकाळी नदीमने लॅबच्या आवक-नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. खदीजाने तो मोठा करून पाहिला. तारीख, वेळ, आणणाऱ्याचं नाव, आणि शेवटचा रकाना: नमुन्याची स्थिती. सहाही ओळींत एकच शब्द होता. कोरडा.

ती सरळ बसली. चार महिन्यांनी नव्हे. दुसऱ्याच दिवशी, बंद पिशव्यांतून तुकडे कोरडे निघाले होते. तिच्या पिशव्यांना एका रात्रीत आतून दव धरायला हवं होतं.

आता गोष्ट साधी झाली. तिने ती स्वतःला समजावून सांगितली, एखाद्या नवख्याला सांगावी तशी. ज्याने तुकडे बदलले, त्याला नमुना ओलाच ठेवतात हे माहीत नव्हतं. पंढरीने सहाही वेळा पाणी मारलं होतं. जयदेवनी पहिल्याच घरात "पाणी कशाला, मॅडम?" असं विचारलं होतं, आणि तिने शिडीवरून सांगितलं होतं की धूळ उडू नये म्हणून, आणि लॅब ओलं-कोरडं लिहूनही घेते. या दोघांपैकी कुणी असता, तर त्याने चार थेंब पाणी शिंपडलं असतं. इद्रीसने तर हे काम अकरा वर्षं केलं होतं.

इद्रीसने ओलं केलं असतं.

हे लक्षात आल्यावर तिने सुमय्याला फोन लावला. का लावला, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. "तू ॲडमिट होतीस, त्या शनिवारी सकाळी मला भेटायला कोण आलं होतं?"

"कोणी नाही. तू बाकावर बसल्याबसल्या झोपली होतीस," सुमय्या म्हणाली. "तुझा इद्रीस आला होता. तासभर थांबला. नर्सनं औषधांची चिठ्ठी दिली, ती आणून दिली. घरून डबा आणला होता तुझ्यासाठी. उठवू नका म्हणाला. का गं?"

तो डबा खदीजाने खाल्ला होता. सुमय्याच्या शेजारणीने पाठवला असेल असं धरून.

तिने फोन ठेवला. मग तिने यादी पुढे नेली, कारण ती अर्धवट सोडणं हा आणखी एक गुन्हा झाला असता. किल्ली असलेलं, आणि तुकडे काढताना हजर नसलेलं, असं एकच माणूस उरत होतं. सात नंबरला ती शिडी लावत होती तेव्हा मालतीबाई बाहेर आल्याच नव्हत्या. फक्त खिडकीतून एक प्रश्न विचारला होता.

६

मालतीबाई केळुसकरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात वाटी-चमचा होता. आतल्या खोलीत पलंगावर शिवराम उशीला टेकून होते. अर्धांगवायूला पाच वर्षं झाली होती. एक डोळा नीट मिटत नव्हता. पलंगालगतची खिडकी मागच्या अंगणात उघडत होती आणि तिच्यावर पत्र्याची छोटी झडप होती, राखाडी, स्वच्छ. तिचा डावा कोपरा हाताएवढा कापलेला होता. कड कानशीने घासून गुळगुळीत केलेली होती, कुणाला लागू नये म्हणून.

खदीजा त्या कोपऱ्याकडे बघतेय हे मालतीबाईंनी पाहिलं. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "कधीतरी कुणी येईल असं वाटतच होतं."

"तुकडे कोरडे होते, मालतीबाई."

"पिशव्यांत पाणी होतं. मला वाटलं, दव आत गेलंय. मी सगळ्या पुसून कोरड्या केल्या." त्या क्षणभर थांबल्या. "त्यावरून कळलं का?"

"त्यावरूनच."

"बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, घाईत केलेलं काम पकडलं जातं. मी तर सावकाश केलं होतं." त्यांनी खुर्ची पलंगाच्या बाजूला ओढली, नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला. "तुम्ही शिडीवर होतात तेव्हा मी विचारलं होतं, सापडलं तर घर सोडावं लागेल का. तुम्ही म्हणालात, पाच दिवस, पूर्ण ओळ, अपवाद नाही. जयदेवला विचारलं, सात नंबर वगळता येईल का. तो म्हणाला, एक घर वगळलं तर चोवीस जण मागतील. यांना मागच्या वेळी हॉस्पिटलात नेलं, तर परत आले ते पाठ सोलून. दोन महिने जखमा भरल्या नाहीत. बोलता येत नाही, पण पाटीवर लिहून दिलं मला: आता इथून हलवू नकोस. मी हो म्हटलं होतं."

शिवराम ऐकत होते. त्यांचा नीट असलेला डोळा छताकडे लागला होता.

"चाळीस वर्षं डोक्यावर होते ते पत्रे," मालतीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, कागदावर नाही आलं म्हणून काय होणार आहे. कुणी आजारी तर नव्हतं. फोडतील असं नव्हतं वाटलं मला. काढतील, असं वाटलं." मग त्यांनी जे विचारायचं ते विचारलं. "काय आलं दुसऱ्या वेळी?"

"आहे," खदीजा म्हणाली.

मालतीबाईंनी मान हलवली. वर्गात चुकीचं उत्तर ऐकल्यासारखी, सावकाश.

"ते चार दिवस यांना कुठे ठेवलं होतं?" खदीजाने विचारलं.

"इथेच. खिडकी नीट लागत नाही, म्हणून साडी अडकवली होती. धूळ यायचीच. मी सकाळ-संध्याकाळ यांची चादर झटकत होते. इथेच, पलंगाजवळ. अंगाला बोचू नये म्हणून."

बाहेर कुणाच्या तरी नव्या छपरावर कबुतरं चालत होती. त्यांच्या नखांचा आवाज आत येत होता.

"माझं काय करायचं ते करा," मालतीबाई म्हणाल्या. "फक्त एक सांगा. तुमच्या पद्धतीने केलं असतं, तर यांना खरंच पाच दिवस न्यावं लागलं असतं?"

खदीजाला खोटं बोलता आलं असतं. ती क्षणभर त्याच विचारात होती.

"पूर्ण ओळीला पाच दिवस. तुमच्या घरावर अकरा पत्रे होते. ओले करून, बोल्ट सोडून, अखंड उतरवले असते तर सकाळचं काम. पलंगच उचलून आठ नंबरच्या पुढच्या खोलीत ठेवला असता. चाकं लावून. सफाई करून संध्याकाळी परत."

"संध्याकाळी परत," मालतीबाई म्हणाल्या. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

तुम्ही कारण सांगितलं नाहीत, असं खदीजाच्या ओठांवर आलं होतं. पण बाईंनी विचारलं होतं. शिडीवरून वाकून त्या खिडकीत बघायला खदीजाला दोन सेकंद लागले असते.

"मी आत बघितलंच नाही," ती म्हणाली.

पलंगावरून घशातला एक आवाज आला. शिवरामनी आपला हात बायकोच्या हातातून काढून घेतला. त्या हातात जेवढी शक्ती उरली होती तेवढ्याने, हळूहळू, बोटाबोटाने. मालतीबाईंनी तो पुन्हा धरला नाही.

७

रविवारी सकाळी ऑफिसात सभा झाली. खदीजाने तुकड्यांचा फोटो, नोंदवही आणि दोन्ही अहवाल समोर ठेवले, आणि पट्टीवर सही न करण्याची चूक आपली असल्याचं आधीच सांगून टाकलं. आता काय करायचं तेही सांगितलं: कोरडा झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकी पिशवीत बांधून वेगळी, अंगणातली वरची माती ओली करून भरून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या जागेवर, वाफ्यांना लावलेले तुकडेही तिकडेच. नाव तिने घेतलं नाही. मालतीबाई स्वतः उठल्या.

"मी केलं," त्या म्हणाल्या, आणि कसं केलं ते न अडखळता सांगितलं.

मग जयदेव म्हणाले, "टीचर, बसा. हे मिनिट्समध्ये घ्यायचं नाही." ते खदीजाकडे वळले. "लॅबची तांत्रिक चूक असं लिहू. सगळ्यांच्या हिताचं आहे. बिल्डर मंडळी मंगळवारी येतायत."

"मी प्रदूषण नियंत्रण बोर्डाला पत्र कालच पाठवलंय," खदीजा म्हणाली. "एक प्रत प्रत्येक घरात टाकली आहे."

त्यानंतरचा आरडाओरडा बहुतेक तिच्यावरच होता. तिची फी, तिची सही, तिचा धंदा. टीचरना कुणी काही बोललं नाही. त्या इतक्या वर्षांच्या ओळखीच्या होत्या. मालतीबाई मात्र उभ्याच राहिल्या, कुणीतरी विचारेल म्हणून. शेवटी त्यांनी लायब्ररीची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या घरी गेल्या. एकट्या मनस्वीने बाहेर येऊन खदीजाला विचारलं, "ज्यांनी फोडले ते कुठे आहेत?"

हा प्रश्न खदीजाने चार दिवसांत स्वतःला विचारला नव्हता.

पंढरीने पत्ता दिला. ऐरोलीला, काचेच्या आयटी इमारतींच्या मागे, नव्या बांधकामाच्या कुंपणालगत सात झोपड्या होत्या. भैरू आणि शकुबाई, मूळचे करमाळ्याकडचे, दोघंही तिशीच्या आतले. खदीजा दारात उभी राहिली आणि तिची नजर वर गेली. झोपडीवर जलतरंगचे पत्रे होते. त्यांतला एक आतून हिरव्या ऑइलपेंटचा.

"चांगलं व्हतं चार, ते आनलं," भैरू म्हणाला. "बाकी समदं फोडून भरलं. का वो, परत पायजेत का?"

तिने त्याला नीट, सोप्या शब्दांत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग वर पाहिलं. "मग हे काढलं तर वर काय घालू?"

दुसऱ्या दिवशी ती टिनचे चार पत्रे टेम्पोत घालून घेऊन आली. एकटीच्या आवाक्यातलं काम नव्हतं. रात्रभर विचार करून तिने सकाळी इद्रीसला फोन केला होता, आणि सुरुवात माफीने केली होती. डबा, बाक, नर्सची चिठ्ठी, ती सगळं बोलली होती. मग त्याने फक्त विचारलं होतं, "किती पत्रे?"

तो आला. दोघांनी सूट घातले, आजूबाजूच्या झोपड्यांतल्यांना वाऱ्याच्या उलट अंगाला बसवलं, प्लास्टिक अंथरलं. इद्रीसने पत्रे भिजवले, तारा कापल्या, आणि चारही पत्रे एकही कड न मोडता खाली आले. दुहेरी प्लास्टिकात गुंडाळले, पट्ट्या मारल्या, गाडीत ठेवले. दुपारपर्यंत टिन बसलं. कामाचं तेवढं तो बोलला, जास्त एक शब्द नाही.

सूट उतरवताना ती म्हणाली, "उद्यापासून ये."

"काम असलं की बोलवा, आपा. येईन," इद्रीस म्हणाला. "नोकरीला नको."

तो गाडीत जाऊन बसला.

खदीजाने कागद काढला. कुठल्याही हजेरीपत्रकात या दोघांची नावं नव्हती. पंढरीने माणसं मोजून आणली होती, लिहून नाही. तिला एवढंच करता येत होतं: कुठल्या तारखांना, कुठे, काय फोडलं, किती दिवस धूळ घेतली, हे लिहून सहीनिशी देणं, म्हणजे पुढे कधी दम लागला तर कुणा डॉक्टरला कारण कळेल. दर वर्षी छाती तपासून घ्यायची, तंबाखू-बिडी सोडायची, हेही तिने सांगितलं.

"किती वर्सांनी व्हतंय म्हनला?" शकुबाईने विचारलं.

"झालं तर वीस, तीस वर्षांनी. होईलच असं नाही."

शकुबाईने बोटांवर हिशेब केला आणि तिला हसू आलं. "तवर कोन ऱ्हातंय, बाई. आमच्यात पन्नाशी बगितलेली मानसं सांगा बरं."

भैरूने पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. खदीजाने पेन शकुबाईकडे वळवलं.

"माजं कशाला? मी कामाला न्हवते," ती म्हणाली. "हे फोडायचे. मी नुसती खाली ऱ्हाऊन झाडत व्हते. फुटक्या पत्र्याचं राबीट गोनीत भरायचं, येवढंच."

"चारही दिवस?"

"व्हय. दिसभर."

खदीजाने तो कागद फाडला, दुसरा घेतला, आणि तिचं नाव आधी लिहिलं.